कर्जाचे ‘नवे-जुने’ आणि संचालकाची भीड : ज्यांचा आदर वाटतो त्या अध्यक्षांना विरोध कसा करावा?

दांडियाबाजारकर (बडोदे) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. बडोद्यातील एका जुन्या शराफी सहकारी मंडळीच्या (म्हणजे पतसंस्थेच्या) संचालक मंडळावर मी गेल्या निवडणुकीत निवडून आलो. सभासद बहुतेक मराठी कुटुंबांतील आहेत. कोणी विद्यापीठातून निवृत्त झालेले, कोणी रेल्वेतून, तर काही विधवा भगिनींच्या घरखर्चाचा मोठा भाग आमच्याकडील ठेवींच्या व्याजावर चालतो. माझा व्यवसाय अभियंत्याचा असून सहकारातील अनुभव फारसा नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या एका कुटुंबाला मंडळीने तीन वेगवेगळ्या नावांनी मोठी कर्जे दिली आहेत, आणि तिघेही एकमेकांना जामीन आहेत. दिवाळीपासून हप्ते आलेले नाहीत. मागील मार्चमध्ये एका भावाच्या नावे नवे कर्ज मंजूर करून त्यातून दुसऱ्याची थकबाकी भरून घेतल्याचे मला इतिवृत्त वाचताना आढळले. या वर्षीही मार्चअखेर तसेच ‘नवे-जुने’ करावे, म्हणजे थकबाकी दिसणार नाही, नफा दिसेल आणि नेहमीप्रमाणे लाभांश जाहीर करता येईल, असे अध्यक्षांचे मत आहे. इतर संचालकांनी मान डोलावली आहे.

माझी खरी अडचण अध्यक्षांच्या व्यक्तिमत्त्वाची आहे. ते माझ्या वडिलांचे स्नेही, मला लहानपणापासून ओळखणारे आणि एक रुपयाचाही लोभ नसलेले गृहस्थ आहेत. 2001 साली अहमदाबादची माधवपुरा बँक अडचणीत आली, तेव्हा गुजरातभर सहकारी संस्थांच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या. आमच्याही मंडळीसमोर लागली. त्या दिवसांत हे गृहस्थ स्वतः खिडकीपाशी बसले आणि मागेल त्याला पैसे परत देत राहिले. आजही सभासद ती आठवण सांगतात. “मी ती रांग पाहिली आहे, तू पाहिलेली नाहीस. थकबाकीचा आकडा अहवालात छापला, की ती रांग पुन्हा लागेल, आणि त्यात सर्वांत आधी त्या विधवा बायका बुडतील,” असे ते मला म्हणाले. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. सत्य सांगून संस्था बुडाली, तर ते सत्य सांगण्यात नेतृत्व कोणते, आणि असत्यावर सही केली तर मी कोण, या दोन प्रश्नांमध्ये मी अडकलो आहे.

सयाजीगंजचा स्पष्टवक्ता

यात विचार करण्यासारखे काय आहे, हेच मला समजत नाही. आपल्याकडे रामशास्त्र्यांचे नाव उठता-बसता घेतात आणि प्रसंग आला की काकांची भीड आड येते. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले आहेत. उद्याच राजीनामा द्यावा, जिल्हा निबंधकांकडे तक्रार करावी आणि सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर सर्व कागद टाकावेत. पुढचे ज्याचे तो पाहील.

निवृत्त शाखाधिकारी (अलकापुरी)

वरील सल्ल्यातील कळकळ मला मान्य आहे, सल्ला मान्य नाही. व्हॉट्सअॅपवर कागद टाकल्याने ठेवीदारांना माहिती मिळत नाही, त्यांच्यात घबराट पसरते. आपल्या मंडळीसारख्या पतसंस्थांना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते, ही गोष्ट बहुतेक सभासदांना ठाऊकच नसते. बँकेच्या ठेवीदाराला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीदाराला काहीच नाही. त्यामुळे रांग लागली तर जो पहाटे येऊन उभा राहील त्याचे पैसे सुटतील, आणि ज्यांना उशिरा कळेल किंवा जे चालू शकत नाहीत ते अडकतील. अध्यक्षांची भीती या अर्थाने पोकळ नाही, हे आधी मान्य करावे लागेल.

परंतु 2001 च्या प्रसंगातून त्यांनी जो धडा घेतला आहे तो मला उलटा वाटतो. त्या वेळी ते खिडकीपाशी बसून पैसे देऊ शकले याचे कारण त्यांचे धैर्य जितके, तितकेच तोपर्यंत खरे राहिलेले हिशेबाचे पुस्तक होते. संस्थेकडे रोख किती, दुसरीकडे ठेवी किती आणि येणे किती, याचे आकडे खरे होते, म्हणून त्यांना पहिल्या माणसाला पैसे देताना शंभराव्या माणसाची काळजी करावी लागली नाही. माधवपुरा बँकेत नेमके याच्या विरुद्ध घडले होते. शेअरबाजारातील एका दलालाच्या समूहाला मर्यादेबाहेर कर्जे दिली गेली आणि ती वसूल होण्यासारखी आहेत असे कागद दाखवत राहिले. बाजार कोसळला तेव्हा कागद आणि तिजोरी यांतील अंतर एका आठवड्यात उघडे पडले, आणि गुजरातेतील अनेक नागरी बँकांच्या ठेवी त्या एका बँकेत अडकल्या. पुढे 2012 साली तिचा परवाना रद्द झाला. 2019 सालच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात तर एकाच बांधकाम समूहाची थकबाकी लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती. निर्बंध आले त्या दिवशी ठेवीदारांना सहा महिन्यांसाठी प्रत्येकी एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. तेथेही सुरुवात एकदम एकवीस हजार खात्यांनी झाली नसणार.

आता ‘नवे-जुने’ करण्याची यंत्रणा पाहू, कारण तुमच्या नैतिक प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या यंत्रणेतच आहे. शंभर रुपयांचे कर्ज थकले आणि त्यावर पंधरा रुपये व्याज चढले, की एकशेपंधरा रुपयांचे नवे कर्ज दिले जाते. जुने खाते बंद होते आणि ते पंधरा रुपये ‘मिळालेले व्याज’ म्हणून नफ्यात दिसतात. रोख एक पैसाही आलेली नसते. त्या नफ्यावर लाभांश मात्र रोखीने वाटला जातो, म्हणजे प्रत्यक्षात ठेवीदारांच्याच पैशांतून सभासदांना लाभांश दिला जातो. पुढच्या मार्चला एकशेपंधराचे एकशेतीसहून अधिक होतात. जो आकडा आज मंडळीला पेलण्यासारखा आहे तो आणखी तीन वर्षांनी पेलणार नाही. म्हणूनच “सत्य सांगून संस्था बुडाली तर” असा प्रश्न मांडण्यात एक चूक आहे. संस्थेला बुडवील ती थकबाकी, आणि ती आजही आहे. ती किती वाढू द्यायची, एवढेच तुमच्या हातात आहे.

माझा सल्ला असा. राजीनामा देऊ नका. संचालकाने राजीनामा दिला की त्याचा कागद मागण्याचा हक्क जातो, आणि ज्या सभांना तो हजर होता त्यांची जबाबदारी मात्र सुटतेच असे नाही. कर्तव्यात कसूर झाल्याने संस्थेचे नुकसान झाले तर ते संचालकांकडून वसूल करण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे. आधी तिन्ही खात्यांचे उतारे, तारण, जामीनदारांची मालमत्ता आणि मंडळीचा राखीव निधी यांचे आकडे मागवा. मग अध्यक्षांना एकटे भेटा आणि विरोधाबरोबर योजनाही घेऊन जा. संपूर्ण थकबाकीसाठी राखीव निधीतून किती तरतूद करता येईल, या वर्षीचा लाभांश रोखला तर किती रक्कम वाचेल, कारखान्याचे तारण विकण्याऐवजी त्या कुटुंबाशी लेखी हप्तेबंदी होऊ शकते का, याची उत्तरे तुमच्या हातात असली पाहिजेत. योजनेशिवाय केलेला विरोध ज्येष्ठांना बहुधा उर्मटपणा वाटतो, आणि कधीकधी तो तसा असतोही.

रावपुऱ्याचा ग्रंथप्रेमी

रामशास्त्र्यांचे नाव वर आले आहे म्हणून थोडे लिहितो. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश एवढेच चित्र आपण शाळेपासून मनात बाळगलेले असते, आणि त्यात शब्द उच्चारण्याच्या क्षणाला सर्व तेज दिलेले असते. त्या क्षणाआधी शास्त्रीबोवांनी चौकशी केली होती, कोणाचा हात कोठपर्यंत पोहोचतो हे तपासले होते, हा भाग आपल्या कथेतून गळतो. ते पुणे सोडून वाईजवळच्या गावी गेले हे सर्वांना ठाऊक असते, परंतु पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांनी पुन्हा न्यायासनाची जबाबदारी घेतली, हे सांगण्याची कोणाला आठवण राहत नाही. जाणे आणि परतणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या निर्णयाचा भाग होत्या.

आपल्या बडोद्याच्या इतिहासातही असेच झाले आहे. 1911 च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी बादशहापुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालते झाले, ही गोष्ट येथे अजून अभिमानाने सांगितली जाते. इंग्रजांचा रोष ओढवल्यावर त्यांना खुलाशाचे आणि दिलगिरीचे पत्र द्यावे लागले, हे मात्र हळू आवाजात सांगितले जाते. मला त्यांचे त्याहून मोठे धैर्य सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात दिसते. 1893 साली अमरेली भागातील मोजक्या गावांत त्यांनी तो प्रयोग सुरू केला आणि 1906 साली तो संपूर्ण राज्यात लागू केला. मधली तेरा वर्षे शिक्षक मिळवण्यात, शाळा उघडण्यात आणि पालकांची नाराजी सोसण्यात गेली असणार. त्या वर्षांचे चित्र कोणी दिवाणखान्यात लावत नाही.

याच राजाच्या कारकिर्दीतील एक प्रसंग तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे, आणि तो अपयशाचा आहे. 1913 साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर 1917 साली करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या एका विश्रामगृहात ते राहिले, तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि कचेरीतील शिपाईसुद्धा त्यांना शिवण्याचे टाळण्यासाठी कागद लांबून टाकत. दिवाणांकडे दाद मागूनही निवासाची सोय झाली नाही आणि त्यांना बडोदे सोडून जावे लागले. शिष्यवृत्ती देण्यात महाराजांनी धैर्य दाखवले होते यात शंका नाही. पण तो निर्णय दिवाणापासून शिपायापर्यंत कोण पाळणार, न पाळणाऱ्याला कोण विचारणार, याची व्यवस्था झाली नाही. वरच्या माणसाचा शुद्ध हेतू खालच्या कारकुनाच्या टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हे या शहराने एकदा पाहिले आहे.

इंदूरहून एक वाचक

फक्त एक मुद्दा मांडतो. अडचणीतील कारखानदाराला सांभाळून घेण्याची अध्यक्षांची दया मी समजू शकतो, परंतु ती दया कोणाच्या पैशांतून केली जात आहे? अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, देवळे आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च दौलतीच्या तिजोरीतून न करता आपल्या खासगीच्या उत्पन्नातून केला, ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही सांगतात. अध्यक्षांना त्या कुटुंबाची कणव असेल तर त्यांनी स्वतःच्या नावे मदत करावी, तिला कोणाची हरकत नसेल. ठेवीदारांनी ती मंजूर केलेली नाही.

हिशेबनीस (कारेलीबाग)

मी एका वेगळ्या पतसंस्थेत अनेक वर्षे हिशेबाचे काम केले आहे, आणि वरील सर्व उत्तरे वाचून मला एक गोष्ट खटकली. सर्वांनी संचालकाचे धैर्य, अध्यक्षांचे धैर्य आणि राजांचे धैर्य यांचा विचार केला. 31 मार्चच्या संध्याकाळी ती नोंद संगणकावर प्रत्यक्ष कोण करते, हे फक्त रावपुऱ्याच्या सद्‍गृहस्थांना ओझरते सुचले.

नवे कर्ज खर्ची टाकणे, जुने खाते जमा करून बंद करणे आणि व्याजाची रक्कम उत्पन्नात नेणे ही कामे संचालक मंडळ करत नाही. ती एखादी बारा-पंधरा हजार रुपये पगाराची मुलगी करते आणि तिची सही व्हाउचरवर राहते. संगणकात तिच्याच नावाने नोंद होते, तारीख आणि वेळेसह. संचालक मंडळाचा ठराव मात्र अनेकदा आठवड्याभराने, मागील तारखेने लिहिला जातो. चौकशी आली की अधिकारी सर्वप्रथम तिलाच बोलावतात. आमच्या संस्थेत अशी वेळ आली तेव्हा मी लेखी आदेश मागितला. तो शेवटपर्यंत मिळाला नाही, व्हाउचर दुसऱ्या एकाकडून करून घेतले गेले, आणि पुढच्या वर्षी माझी पगारवाढ रोखली गेली. ज्याने ते व्हाउचर केले त्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्या घरी कमावणारा तो एकटाच होता.

म्हणून दांडियाबाजारकरांना माझी विनंती आहे, की तुमची असहमती केवळ स्वतःच्या बचावासाठी इतिवृत्तात नोंदवून थांबू नका. व्यवस्थापकांना सभेत सर्वांसमक्ष सांगा, की लेखी आणि त्याच तारखेच्या ठरावाशिवाय कर्मचाऱ्यांनी अशी एकही नोंद करू नये, आणि कोणी नकार दिला तर त्याच्यावर कारवाई होणार नाही. हे वाक्यही इतिवृत्तात लिहवून घ्या. नोकरी जाण्याची भीती असलेल्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करण्यापेक्षा, ज्याला त्या पदावर पगार नाही आणि गमावण्यासारखे थोडेच आहे त्याने ते आधी दाखवणे अधिक न्याय्य आहे. निवृत्त शाखाधिकाऱ्यांच्या योजनेत कर्मचारी कोठेच नाहीत, ही उणीव मला लहान वाटत नाही.

निवृत्त शाखाधिकारी (अलकापुरी)

हिशेबनीस ताईंचे म्हणणे योग्य आहे. ते माझ्या उत्तरात यायला हवे होते.

दांडियाबाजारकर (बडोदे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनेप्रमाणे आकडे मागवले आणि रविवारी अध्यक्षांच्या घरी जाऊन बोललो. राखीव निधी आणि या वर्षीचा लाभांश मिळून तिन्ही कर्जांच्या थकलेल्या रकमेपैकी मोठ्या भागाची तरतूद होऊ शकते, हे त्यांना कागदावर दाखवले. ते रागावले नाहीत. बराच वेळ कागद पाहत राहिले आणि मग म्हणाले, “लाभांश दिला नाही तर सभेत मला उभे राहून कारण सांगावे लागेल.” 2001 साली रांगेसमोर बसलेल्या माणसाला सर्वसाधारण सभेत उभे राहणे अवघड वाटावे, याचे मला आश्चर्य वाटले. त्या वेळी दोष दुसऱ्या बँकेचा होता आणि या वेळी मंजुरीवर त्यांची स्वतःची सही आहे, एवढाच फरक मला दिसतो.

त्यांनी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. “मार्चच्या सभेत पाहू,” असे ते म्हणाले. हिशेबनीस ताईंचा मुद्दा मी काढला, तेव्हा मात्र त्यांनी लगेच मान्य केले, की मागील तारखेचा ठराव या वेळी लिहिला जाणार नाही. सयाजीगंजच्या स्पष्टवक्त्यांना माझे हे वागणे मवाळ वाटेल, याची मला कल्पना आहे. आता माझा प्रश्न मर्यादित आहे. मार्चच्या सभेत बहुमताने ‘नवे-जुने’ करण्याचाच ठराव झाला, तर मी नेमके काय करावे?

सयाजीगंजचा स्पष्टवक्ता

मवाळ म्हणणार होतो, पण मागील तारखेचा ठराव थांबला असेल तर काहीतरी हलले आहे. तरीही मार्चपर्यंत वाट पाहणे मला पटत नाही. “सभेत पाहू” हे सहकारातील सर्वांत जुने उत्तर आहे.

निवृत्त शाखाधिकारी (अलकापुरी)

या वेळी मी सयाजीगंजच्या बाजूने आहे. मार्चची वाट पाहू नये. आजच अध्यक्षांना एक पानाचे पत्र लिहा. त्यात विशेषणे नकोत, ‘भ्रष्टाचार’ हा शब्द तर मुळीच नको, कारण तो या प्रकरणात खराही नाही आणि तो लिहिला की ते तुमचे ऐकणे थांबवतील. तीन खात्यांचे क्रमांक, शेवटचा हप्ता आल्याची तारीख, थकलेली रक्कम, मागील मार्चमधील व्यवहाराचा उल्लेख आणि तरतुदीची तुमची योजना एवढेच लिहा. हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर स्वतंत्रपणे घ्यावा, अशी मागणी करा. ऐनवेळच्या विषयांत तो ढकलला गेला तर चर्चा दहा मिनिटांत आटोपते. पत्र मंडळीच्या आवक-नोंदवहीत चढवा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या.

ठराव विरुद्ध गेला तर असहमती कारणासह नोंदवा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी ती नोंद जशीच्या तशी आली आहे का, हे वाचून पाहा, कारण “एका संचालकांनी काही मुद्दे मांडले” अशा वाक्यात असहमती विरघळवण्याची कला आपल्या कार्यवाहांना चांगली अवगत असते. त्यानंतर लेखापरीक्षकांना भेटून त्याच पत्राची प्रत द्या आणि ती दिल्याचे अध्यक्षांना आधी सांगा. लेखापरीक्षकांनीही ते व्यवहार तसेच पुढे जाऊ दिले, तर जिल्हा निबंधकांकडे जाण्याखेरीज मार्ग राहत नाही. तेथेही हेच पत्र, हेच आकडे आणि तुमची स्वतःची सही घेऊन जा. निनावी अर्ज करू नका. तो केला तर संशय सर्वांत आधी त्या व्हाउचर करणाऱ्या मुलीवर जाईल.

हिशेबनीस (कारेलीबाग)

आणि पत्राची एक प्रत व्यवस्थापकांनाही द्या. आवक-नोंदवही त्यांच्याच ताब्यात असते.